हमाली आणि बक्षिसी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे जुन्या मंडळींनी सांगून ठेवले आहे. घर पाहावे हलवून, असे मात्र त्यांनी कोठे म्हटलेले नाही. त्यांना तो अनुभवच फारसा नव्हता. ज्या घरात पाळणा हलला त्याच घराच्या ओसरीवर म्हातारपण काढावे, अशी त्या काळची रीत होती. ती रीत नोकरीने मोडली. रेल्वे, लष्कर, बँका, केंद्र सरकारची खाती आणि मोठे कारखाने यांच्या पाठोपाठ मराठी कुटुंबे बडोदे, भोपाळ, हैदराबाद, कोची, गुवाहाटी अशी देशभर पसरली. आणि बदलीचा हुकूम हाती पडला की सारा संसार पेट्यांत भरणे, हा सोळा संस्कारांत न सांगितलेला सतरावा संस्कार होऊन बसला.

या संस्काराचे पौरोहित्य पूर्वी नाक्यावरचे हमाल करीत. आता ते बहुधा सामान बांधून पोचविणाऱ्या कंपन्यांची माणसे करतात. विधीच्या अखेरीस एक अवघड क्षण येतो. शेवटची पेटी आत आलेली असते, पावतीवर सही झालेली असते. चार-पाच माणसे घाम पुशीत दाराशी उभी असतात. ती जात नाहीत आणि काही मागतही नाहीत. गृहस्थाचा हात खिशाकडे जातो आणि मध्येच थबकतो. ठरलेली रक्कम कंपनीला दिलेली आहे. आता आणखी काही द्यावयाचे काय? द्यावयाचे तर किती, आणि कोणाच्या हाती? दिले नाही तर कृपण ठरण्याचे भय, अधिक दिले तर भोळा ठरण्याचे भय. अशा पेचात जी नोट हाताला लागेल ती पुढे केली जाते, आणि देणारा व घेणारा दोघेही थोड्याशा असमाधानातच एकमेकांचा निरोप घेतात.

प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. शंभर-दोनशे रुपयांनी कोणाचा संसार बुडत नाही आणि कोणाचा तरतही नाही. पण ज्या व्यवहारात रक्कम लहान असते त्यात मनाचे खरे माप दिसते. म्हणून या क्षणाचा थोडा विचार करणे अगदीच निरुपयोगी ठरू नये.

देण्यासंबंधी मराठी भाषा फार काटेकोर आहे. पुरोहिताला द्यावयाची ती दक्षिणा, गवयाला द्यावयाची ती बिदागी, गड्यामाणसाला दिवाळीत द्यावयाचे ते पोस्त, आणि गावच्या सुताराला, कुंभाराला खळ्यावर घालावयाचे ते बलुते. या शब्दांत नुसता पात्रांचा फरक नाही, नात्याचा फरक आहे. बलुते हा हक्क होता. पीक घरात येण्यापूर्वी कारागिराचा वाटा बाजूला निघे. पोस्त हा रिवाज होता. ते मागता येत नसे, पण चुकविताही येत नसे. आणि बक्षिसी? फारसीतून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी केवळ देणे आहे. देणाऱ्याच्या खुशीने देणे. हक्क, रिवाज आणि खुशी या तीन निराळ्या गोष्टी आहेत. दाराशी उभ्या राहिलेल्या माणसांपुढे गृहस्थाचा गोंधळ होतो तो या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे.

ही सरमिसळ बहुधा सकाळीच सुरू झालेली असते. नाक्यावरच्या मजुराने माणशी बाराशे रुपये मागितले, तर गृहस्थ घासाघीस करून ते हजारावर आणतो आणि आपल्या व्यवहारचातुर्यावर संतुष्ट होतो. दिवसभर ती माणसे जिने चढतात, उतरतात. संध्याकाळी गृहस्थाचे मन द्रवते आणि तो माणशी शंभराच्या दोन नोटा बक्षीस म्हणून काढून देतो. हिशेब पाहू गेल्यास रक्कम बाराशेच झाली. मग फरक काय पडला? फरक इतकाच पडला की, जे दोनशे सकाळी कमाई म्हणून ताठ मानेने घेता आले असते, ते संध्याकाळी उपकार म्हणून मान लववून घ्यावे लागले. गृहस्थाने पदरचे काहीच दिले नाही. उलट, हक्काचे रूपांतर दयेत करून एक नमस्कार मात्र फुकट मिळविला. बक्षिसीविषयी जो काही नियम करावयाचा तो येथूनच करावा लागेल: मजुरीतून कापलेले पैसे बक्षीस म्हणून परत देता येत नाहीत.

कंपनीशी ठराव करतानाही हीच गोष्ट निराळ्या वेषात येते. चार ठिकाणांहून दर मागवून त्यांतला सर्वांत कमी स्वीकारला जातो. गाडीभाडे, इंधन, पथकर, विमा ही अंगे काही फार आखडता येत नाहीत. आखडते ते माणसाचे अंग. पाचांच्या जागी तीन माणसे येतात, आणि पाचांचे ओझे तिघांच्या पाठीवर वाटले जाते. स्वस्त दराचा हा अर्थ दरपत्रकात लिहिलेला नसतो, पण जिन्यात तो वाचता येतो.

आणि ते काम तरी केवढे असते! सामान हलविणे म्हणजे केवळ बळाचे काम, असा एक समज आहे. प्रत्यक्षात त्यात मोठे कसब आहे. चिनीमातीच्या बशा आडव्या रचल्या तर हादऱ्याने तडकतात. त्या कागदात गुंडाळून उभ्या लावाव्या लागतात. पुस्तकांची पेटी मुद्दाम लहान घ्यावी लागते. कागद हा लाकडाचाच वंशज असल्यामुळे मोठ्या खोक्यात भरलेली पुस्तके कोणालाच उचलता येत नाहीत. शीतकपाट आडवे करून नेले तर पोचल्यावर काही तास उभे ठेवून मगच चालू करावे लागते. पोलादी कपाट जिन्याच्या वळणावर कोणत्या कोनात कलते करावयाचे, खालच्या पायरीवरच्या माणसाने भार केव्हा घ्यावयाचा आणि वरच्याने केव्हा सोडावयाचा, हे शब्दांत सांगता येत नाही. दोघांच्या एका हुंकारात ते ठरते. खालच्या माणसाची चूक झाली तर कपाटाला पोचा पडतो. वरच्याची झाली तर खालच्याचे हाड मोडते. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने केलेल्या शिफारशीत एका प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो अशी सुचविलेली आहे. तीन मजल्यांचा जिना, आषाढातला पाऊस आणि एकच चुंबळ यांची दखल त्या आकड्यात घेता आलेली नाही. या कामाचे मोल मजुरीतच व्हावयास हवे.

मजुरीची जागा बक्षिसीने घेतली की काय होते, याचा धडा अमेरिकेच्या रेल्वेने एकदा देऊन ठेवला आहे. तिकडील यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने निजण्याच्या सोयीचे डबे सुरू केले आणि त्यांवर प्रवाशांची सरबराई करण्यासाठी, त्यांचे सामान वाहण्यासाठी कृष्णवर्णीय पुरुष नेमले. त्यांत नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले पुष्कळ होते. कंपनी त्यांना वेतन अगदी तुटपुंजे देई. उरलेले प्रवाशांच्या बक्षिसीतून भागावे, असा हिशेब होता. महिन्याला ४०० तास किंवा ११,००० मैल काम केल्याखेरीज पुरे वेतन मिळत नसे. प्रवासी त्या सर्वांना कंपनीच्या मालकाच्या नावावरून सरसकट ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारीत. स्वतःचे नावसुद्धा त्यांच्या वाट्याला आले नाही. हसतमुख राहणे हा कामाचा भाग झाला, कारण हास्य गेले की बक्षिसी गेली. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या कामगारांनी संघ स्थापन केला आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर, १९३७ साली, कंपनीशी करार करून वेतनवाढ व कामाच्या तासांत कपात मिळविली. त्यांची मुख्य मागणी बक्षीस वाढवून मिळावे अशी नव्हती. बक्षिसावाचून जगता येईल असे वेतन मिळावे, अशी होती. प्रवाशांच्या औदार्याने एवढी वर्षे ज्याची मेहरबानी झाली ती कामगारांची नव्हे, कंपनीच्या तिजोरीची होती.

महाराष्ट्राने हाच प्रश्न आपल्या परीने सोडविण्याचा प्रयत्न केला आहे. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. मुंबईच्या बाजारपेठांत पोती वाहणारी ही माणसे बहुतांशी पश्चिम महाराष्ट्राच्या डोंगराळ भागातून आलेली होती. त्यांचा मालक कोण, हे कायद्याला सांगता येत नव्हते. सकाळी एका पेढीचे पोते, दुपारी दुसऱ्या पेढीचे. मालक नाही म्हणून सुटी नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, अपघाताची भरपाई नाही. अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांची संघटना बांधली, आणि १९६९ साली महाराष्ट्र विधिमंडळाने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्यातली युक्ती साधी आणि नामी आहे. मालक व कामगार या दोघांची नोंद एका मंडळाकडे व्हावी. मालकाने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावी. आणि मंडळाने कामगाराला मजुरी देऊन लेव्हीतून निधी, उपदान, औषधोपचार यांची तरतूद करावी. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी १९५५ साली हमाल पंचायत उभी केली होती. त्याच पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त भोजनाचे केंद्र चालू केले. त्या नावातच एक तत्त्व आहे. ती भाकर दानाची नाही. कष्टकऱ्यांनी आपल्या पैशाने खावयाची आहे.

अर्थात घरसामान हलविणारा प्रत्येक मजूर अशा मंडळात नोंदलेला असतो असे नाही. पुष्कळांना त्या त्या दिवसापुरते बोलावून आणले जाते आणि संध्याकाळी त्यांचा कंपनीशी संबंध संपतो. म्हणून दाराशी उभा राहिलेला प्रश्न कायद्याने पुरता मिटलेला नाही.

हक्काची बाजू अशी सांगितल्यावर तिची दुसरी टोकाची पायरीही सांगितली पाहिजे. केरळात बदली होऊन गेलेल्या कुटुंबांना ‘नोक्कुकूली’ हा शब्द अपरिचित नसेल. नोक्कु म्हणजे पाहणे, कूली म्हणजे मजुरी. सामान दुसऱ्या कोणी उतरविले तरी, ते उतरताना उभे राहून पाहिल्याबद्दल स्थानिक हमालांनी मागावयाची ही मजुरी. ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठी केरळाने १९७८ साली स्वतंत्र कायदा केला होता. त्या संरक्षणाच्या सावलीत ही अनिष्ट प्रथा फोफावली. अखेर राज्य सरकारने १ मे २०१८ पासून, म्हणजे कामगारदिनाच्याच मुहूर्तावर, ती बंद केली, आणि २०२१ साली तेथील उच्च न्यायालयालाही तिच्याविरुद्ध कडक शब्द वापरावे लागले. ज्याने घाम गाळला त्याची मजुरी बुडविणे हा जसा अन्याय, तसाच न गाळलेल्या घामाचे मोल मागणे हाही अन्यायच. गाडी दाराशी आणून उभी करावयाची आणि ठरल्यापेक्षा अधिक पैसे मिळाल्यावाचून सामान उतरवावयाचे नाही, असा व्यवहार काही ठगबाज मंडळी करतात. तोही याच जातीचा. तेथे ‘चहापाणी’, ‘खुशी’ असले गोड शब्द वापरले जातात, पण अडवून घेतलेली खुशी ही खुशी नव्हे. तेथे लेखी करारावर बोट ठेवणे आणि प्रसंगी पोलिसांकडे जाणे, हाच मार्ग योग्य.

मग बक्षिसी द्यावी की नाही? मजुरी पुरेपूर दिली असेल, मागणी अडवणुकीची नसेल आणि काम मनापासून झाले असेल, तर अवश्य द्यावी. ती मजुरीची पुरवणी म्हणून नव्हे. दिवसभर ज्याने परक्याचा संसार आपला समजून जपला त्याची ओळख ठेवण्याची ती एक रीत म्हणून. आणि द्यावयाची तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट मापाची. उपाहारगृहातील रिवाजाप्रमाणे बिलाचा काही शेकडा देण्याची कल्पना येथे लागू पडत नाही. सामानाच्या बिलात अंतर, इंधन, विमा आणि कर यांचा भाग मोठा असतो. दिल्लीहून चेन्नईला गेलेल्या सामानाचे बिल पुण्यातल्या पुण्यात हललेल्या सामानाच्या कितीतरी पट होते, पण उचलणाऱ्याच्या पाठीवरची पेटी तेवढीच जड असते. येथे माप माणसाचे धरावे. एका वेळचे पोटभर जेवण आणि घरी परतण्याचे भाडे, एवढे माणशी द्यावे, हे साधे माप कोणत्याही शहरात आणि कोणत्याही काळात चालण्यासारखे आहे. महागाईबरोबर ते आपोआप वाढतेही. उद्वाहक बंद असला, मजले अधिक असले किंवा पावसात काम झाले, तर त्यात भर घालणे न्यायाचे होईल.

दुसरी गोष्ट हाताची. सारी रक्कम मुकादमाच्या हाती दिली की ती सर्वांत सारखी वाटली जाईलच, असे धरून चालू नये. प्रत्येकाच्या हाती, सर्वांच्या देखत आणि सारखी रक्कम द्यावी. अलीकडे खिशात नोटा ठेवण्याची सवय मोडली आहे. पैसे भ्रमणध्वनीवरून जातात आणि ते एकाच्याच खात्यात जमा होतात. म्हणून सामान हलविण्याच्या आदल्या दिवशी लहान नोटा काढून ठेवणे हे दोरखंड आणि सुतळी आणण्याइतकेच आवश्यक आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. लांबच्या प्रवासात सामान बांधणारी माणसे एका गावची असतात आणि उतरविणारी दुसऱ्या गावची. बशा ज्याने कागदात गुंडाळल्या तो त्या अखंड पोचल्या हे पाहावयास येत नाही. बक्षीस शेवटी द्यावयाचे असे म्हणून गृहस्थ पुढच्या गावी ते देतो, आणि मूळच्या कसबी माणसांच्या वाट्याला काहीच येत नाही. दोन्ही ठिकाणी, त्या त्या कामाच्या शेवटी द्यावे. गाडी चालविणाऱ्यालाही विसरू नये. कामापूर्वी मात्र देऊ नये. तसे दिले की त्याला आमिषाचा वास येतो.

चौथी गोष्ट नुकसानीची. साठ पेट्यांतील एका पेटीत एक काचेचा पेला फुटला म्हणून बक्षिसी रोखून धरणे शोभत नाही. नुकसान हा विम्याचा आणि कंपनीचा विषय आहे. त्याची नोंद पावतीवर करावी आणि भरपाई तेथे मागावी. हेळसांड उघड दिसली तर बक्षीस न देण्याचा अधिकार गृहस्थाला आहेच. पण तो अधिकार आहे, शस्त्र नव्हे.

पाचवी गोष्ट पैशांची नाही, आणि म्हणूनच ती सर्वांत मोठी आहे. मजूर घरात आले की पाणी द्यावे लागते. पुष्कळ घरांत त्यासाठी एक जुना, कानतुटका पेला निराळा काढून ठेवलेला असतो. तो पेला काय सांगतो, हे पिणाऱ्याला पुरते कळते. अस्पृश्यता घटनेच्या १७व्या कलमाने नष्ट केली, पण ती अशा पेल्यांच्या तळाशी अजून शिल्लक आहे. काही इमारतींत सामान उद्वाहकातून जाते आणि ते वाहणारा माणूस जिन्याने चढतो. ज्या घरी घरच्याच पेल्यात पाणी मिळाले, दुपारी पंख्याखाली दहा मिनिटे बसावयास मिळाले, आणि ‘अहो दादा’ अशी हाक ऐकावयास मिळाली, त्या घराची बक्षिसी थोडी कमी असली तरी ती हलकी वाटत नाही. उलट, कानतुटक्या पेल्यानंतर दिलेली पाचशेची नोटही मनावरचा ओरखडा पुसू शकत नाही.

येथे कोणी असे विचारील की, बक्षिसी आणि लाच यांत मग अंतर काय? अंतर अधिकाराचे आहे. ज्याच्या हाती सरकारी अधिकार आहे त्याला कामापूर्वी दिलेले आमिष असो की कामानंतर दिलेले बक्षीस असो, १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने दोन्ही वर्ज्यच मानली, आणि ते योग्यच आहे. तेथे देणारा अधिकार विकत घेत असतो. हमालाच्या हाती कोणताच अधिकार नसतो. त्याच्या हाती असतो तो फक्त दुसऱ्याचा भार. म्हणून त्याला खुशीने दिलेल्या चार पैशांत देणाऱ्याचा स्वार्थ उरत नाही. काम संपलेले असते, पुन्हा भेट होण्याचा संभव नसतो, आणि मागे कोणतीही फाइल अडलेली नसते.

सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ साली केंद्र सरकारने प्रवासभत्त्याचे जे आदेश काढले, त्यांत बदलीच्या सामानाचे वजन श्रेणीप्रमाणे १,५०० पासून ६,००० किलोपर्यंत मोजून दिलेले आहे. किलोमीटरचा दर आहे, संयुक्त अनुदान आहे, पावत्या जोडण्याची आज्ञा आहे. बक्षिसीचा रकाना मात्र त्यांत कोठेही नाही, आणि तो असूही नये. ज्या देण्याची पावती मिळते तो खर्च होय. ज्याची पावती मिळत नाही आणि तरीही जे द्यावेसे वाटते, ते खरे देणे. मजुरी हिशेबाने द्यावी आणि तीत एक पैही कापू नये. बक्षिसी मनाने द्यावी आणि तिचा हिशेब ठेवू नये. या दोहोंची अदलाबदल झाली नाही, तर दाराशी येणाऱ्या त्या क्षणात अवघडण्यासारखे काही उरणार नाही.